कशावरून म्हणतोस?

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उतारा सुरुवातीला येतो आणि निबंध अगदी शेवटी. मध्ये कविता, स्थूलवाचन, व्याकरण. या अंतरामुळे मुलांचा आणि बऱ्याच शिक्षकांचाही असा समज होऊन बसतो, की ही दोन कामं वेगळी आहेत: एक शोधायचं, दुसरं सजवायचं. उताऱ्यातून शब्द उचलून चौकट भरली की आकलन झालं, आणि सुरुवातीला एक सुविचार, शेवटी कवितेच्या दोन ओळी घातल्या की निबंध झाला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सातवी ते दहावीच्या मुलांसाठी तयार केलेलं हे पुस्तक या समजाच्या विरोधात आहे. वाचलेलं समजणं आणि समजलेलं लिहून सांगणं हे एकच काम आहे असं मी मानतो, आणि दोन्हीकडे मुलाला एकच प्रश्न विचारतो: कशावरून? उत्तर सांगितलंस, ते कुठल्या ओळीवरून? पूर भयंकर होता असं लिहिलंस, ते काय पाहिलंस म्हणून?

दोन्ही जिल्हे एकत्र घेतले, त्याला कारण आहे. संस्थानं विलीन झाल्यावर 1949 मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. कागदावर जिल्हे दोन झाले, नदी मात्र एकच राहिली. कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तेच पाणी खाली सांगलीत आयर्विन पुलाखालून जातं. पाटणच्या मुलाला धरण डोळ्यासमोर आहे, सांगलीच्या मुलीला पूल. म्हणून पुस्तकातला पहिला उतारा या दोहोंचा आहे. तो इथे सबंध देतो, कारण पुस्तकाची रीत त्यात दिसते.

“धरण भरत आलं की दरवाजे उघडून पाणी नदीत सोडतात. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळतं आणि सांगलीकडे जातं. तिथे पोचायला त्याला काही तास लागतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी फुटांत मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पातळी 57 फुटांच्या वर गेली होती.”

सहाच वाक्यं. पहिला प्रश्न: इशारा पातळी किती? याचं उत्तर वर्गातली जवळजवळ सगळी मुलं देतात. ‘इशारा पातळी’ म्हणजे काय हे न कळताही ते देता येतं, कारण प्रश्नातला शब्द उताऱ्यात सापडला की शेजारचा आकडा उचलायचा असतो. परीक्षेत याला गुण मिळतात, त्यामुळे मूल वाचतंय असं सगळ्यांना वाटतं.

दुसरा प्रश्न असा. सांगलीत दोन दिवस पाऊस नाही, कडक ऊन पडलंय. तरी नदीकाठच्या मळ्यातले आजोबा मोटार सोडवून वर आणतात आणि म्हशी गावात नेऊन बांधतात. का? इथे वर्ग थबकतो. ‘आजोबांना अनुभव आहे म्हणून,’ असं कोणीतरी सांगतं. खोटं नाही ते, पण उताऱ्यात अनुभवाचं काही लिहिलेलं नाही. ‘ते म्हशींवर प्रेम करतात,’ हे आणखी एक उत्तर. पाठ्यपुस्तकातल्या आजोबांकडून अशीच अपेक्षा ठेवायची सवय लागलेली असते. ‘कशावरून?’ एवढंच विचारायचं आणि थांबायचं. मुलं परत उताऱ्याकडे जातात. दुसरं वाक्य वाचतात, तिसरं वाचतात, आणि मग एखादी मुलगी म्हणते, “सर, पाणी वरनं येतंय. पाऊस हितं पडायला पायजे असं कुठंय?” तिने दोन वाक्यं एकमेकांना जोडली आणि उताऱ्यात न लिहिलेलं तिसरं वाक्य स्वतः तयार केलं. आकलन म्हणतात ते हे. पुस्तकातल्या साऱ्या उताऱ्यांखाली या जातीचा निदान एक तरी प्रश्न आहे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: पातळी 45 फुटांवर गेली, की शहराच्या कुठल्या भागात पाणी शिरतं? सांगलीची मुलं हात वर करून सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड अशी नावं सांगू लागतात. त्यांनी पाहिलेलं असतं. पण उतारा हे सांगत नाही, आणि ‘उताऱ्यात नाही’ हेच बरोबर उत्तर आहे. स्वतःला ठाऊक असलेलं आणि लेखकाने सांगितलेलं यांत फरक करता येणं ही वाचकाची फार मोठी कमाई आहे. ती नसली तर मोठेपणीही माणूस बातमीत नसलेलं बातमीत वाचतो आणि तसंच पुढे पाठवतो. ‘उताऱ्यात नाही’ हे उत्तर चालतं, हे ऐकून पहिल्यांदा मुलं बिचकतात. प्रश्न विचारला म्हणजे उत्तर असलंच पाहिजे, अशीच त्यांची आजवरची शाळा झालेली असते.

वाचन मुळापासून अर्थाशी बांधलं पाहिजे, हे आपल्याच भागात फार पूर्वी करून दाखवलेलं आहे. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था उभारली; 1986 मध्ये तिथे कमला निंबकर बालभवन सुरू झालं. अमेरिकेत जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि गरीब घरांतली मुलं वाचायला का अडखळतात, या प्रश्नात आयुष्य घातलं. त्यांच्या पद्धतीचा गाभा साधा आहे. मुळाक्षरांचा सगळा तक्ता आणि पाठोपाठ सगळी बाराखडी संपेपर्यंत मुलाला ताटकळत ठेवायचं नाही. थोडी अक्षरं आणि एखाददुसरी मात्रा घ्यायची, त्यांतून लगेच अर्थाचे शब्द करायचे, शब्दांची वाक्यं करायची, मग पुढचा गट. पहिल्या आठवड्यापासून मुलाच्या हाती काहीतरी समजण्याजोगं पडतं. हे ज्यांना मिळालं नाही, अशी मुलं आठवीत घडाघडा वाचतात आणि ‘काय वाचलंस?’ म्हटलं की खाली बघतात. या पुस्तकाचे निम्मे वाचक तेच आहेत, आणि त्यांच्यासाठी सुरुवातीचे बारा उतारे मुद्दाम पाच-सहा वाक्यांचे ठेवले आहेत. आठवीच्या मुलाला छोटा उतारा दिला तर त्याला कमी लेखल्यासारखं वाटेल, अशी शंका एका शिक्षकांनी काढली होती. मला उलटा अनुभव आहे. आशय मोठ्या माणसाचा असला तर वाक्यं थोडी असल्याचं कोणालाही वाईट वाटत नाही.

आता निबंधाकडे येतो, कारण माझी जास्त तळमळ तिथे आहे.

2019 च्या पुरानंतर काही महिन्यांनी नदीकाठच्या एका शाळेतले नववीचे निबंध माझ्याकडे वाचायला आले. विषय होता ‘मी अनुभवलेला महापूर’. ज्या मुलांनी गळ्याएवढं पाणी पाहिलं, दहा-बारा दिवस दुसऱ्या गावच्या शाळेच्या वर्गखोलीत काढले, त्या मुलांच्या वह्या होत्या त्या. वही उघडली की ‘निसर्गाचे रौद्र रूप’, दुसरी उघडली की ‘होत्याचे नव्हते झाले’, तिसरीत ‘वरुणराजा कोपला’. चाळीस वह्यांत एकच पूर होता, आणि तो गाईडमधला होता. मुलं खोटं लिहीत नव्हती. आपण पाहिलेलं निबंधात घालण्याच्या लायकीचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांतल्या एका मुलीला मी एवढंच विचारलं, “घर सोडताना आईनं पहिल्यांदा काय उचललं?” तिने लगेच सांगितलं. “हेच लिही,” म्हटलं. तिने लिहिलं ते असं:

“पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आईनं रेशनकार्ड, सातबारा आणि दादाचं दहावीचं मार्कलिस्ट साखरेच्या पिशवीत घातलं. पिशवीला चार गाठी मारल्या. बाबा गोठ्यात होते. त्यांनी दोन म्हशी सोडल्या. रेडकू खुट्याला हिसके देत होतं. बोटीत जनावरं घेत नव्हते म्हणून बाबा मागं राहिले.”

भीती, दुःख, संकट यांपैकी एकही शब्द यात नाही. चार गाठी आहेत. वाचणाऱ्याला त्या गाठी दिसतात आणि बाकीचं त्याला आपोआप कळतं. कोणी म्हणेल, हे वर्णन झालं, वैचारिक निबंधाचं काय? तर त्याची वाटही याच पिशवीतून जाते. आईने दागिना किंवा कपडे न घेता कागद का घेतले? नुकसानभरपाईच्या रांगेत कागद लागतात म्हणून. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या शेतमजुराने काय उचललं असेल? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं काय? दोन प्रश्नांत ती मुलगी ‘आपत्ती आणि सामाजिक विषमता’ या विषयापर्यंत पोचली असती, आणि ते जड शब्द एकदाही वापरावे लागले नसते. पुस्तकाच्या दुसऱ्या भागातला हरेक पाठ अशाच एखाद्या पाहिलेल्या वस्तूपासून सुरू होतो: तासगावच्या शेडमधल्या जाळीवर वाळणारा बेदाणा, सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा सौदा, माणमधल्या आटलेल्या विहिरीचा तळ, उसाच्या फडाशेजारची खोपी. वस्तू आधी, विचार तिच्यातून निघेल तेवढाच.

विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध किती लांबपर्यंत जाऊ शकतो, याचं मराठीतलं सगळ्यात ठळक उदाहरण 1855 मधलं आहे. महात्मा फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण आणि सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. दोन्ही सातारा जिल्ह्यातली. या दोघांनी पुण्यात काढलेल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने आपल्या जातीच्या आणि महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात दोन भागांत छापून आला. तिचं शालेय शिक्षण जेमतेम तीन वर्षांचं होतं. निबंधाची बांधणी बघण्यासारखी आहे. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती टाकते आणि त्यातून पुढचा प्रश्न काढते. तर्क चालू असतानाच ती बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या, थंडीपावसात हाल सोसणाऱ्या बायांचं चित्र समोर ठेवते. हे तिने पाहिलेलं आहे. प्रश्नाला साक्ष आणि साक्षीला प्रश्न जोडलेला असल्यामुळे तो निबंध आजही अंगावर येतो. ‘कशावरून?’ असं तिला कोणी विचारायची सोयच तिने ठेवली नाही. निबंध म्हणजे परीक्षेपुरता मजकूर, असं ज्यांना वाटतं त्यांनी एका शाळकरी मुलीचा हा निबंध एकदा बसून वाचावा.

पुढच्या पिढीत गोपाळ गणेश आगरकर. जन्म 1856, गाव कऱ्हाडजवळचं टेंभू. आज टेंभू म्हटलं की दुष्काळी तालुक्यांना पाणी देणारी उपसा सिंचन योजना आठवते. मराठी निबंधालाही या गावाने पाणी दिलं आहे. 1888 साली आगरकरांनी ‘सुधारक’ पत्र सुरू केलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच साली त्यांचं ‘वाक्यमीमांसा’ हे पुस्तक निघालं, हे फारसं कोणी सांगत नाही. वाक्याचे भाग कोणते, कोणता भाग कशावर अवलंबून, ते कसे सुटे करायचे, याचं ते पुस्तक. मला या दोन गोष्टी एका साली घडल्याचं नवल वाटत नाही. समाजातल्या रूढीचा कणा कुठे आहे आणि तिला धरून काय काय लोंबतंय, हे ज्या नजरेने आगरकर पाहत, त्याच नजरेने ते वाक्याचं पृथक्करण करत. म्हणून व्याकरणाला या पुस्तकात वेगळं प्रकरण दिलेलं नाही. मुलाचं लांबलचक, अडकलेलं वाक्य घ्यायचं, त्यातलं मुख्य विधान शोधायचं आणि बाकीचं सुटं करायचं, असे सराव प्रत्येक पाठात विखरून आहेत.

शिकण्याची संधीच न मिळालेल्यांचेही हे जिल्हे आहेत. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. मुंबईत आल्यावर पाट्या आणि चित्रपटांची पोस्टरं वाचत त्यांनी अक्षरओळख पक्की केली, आणि 1959 मध्ये ‘फकिरा’ लिहिली. 1900 च्या नोव्हेंबरात साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे नाव दाखल झालं, तो दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली, आणि खेड्यापाड्यांतल्या सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून शिकवलं. या तिघांची नावं भाषणांत फार घेतली जातात. मला त्यांच्याविषयी एवढंच म्हणायचं आहे, की वाचता-लिहिता येणं या लोकांना शोभेची गोष्ट वाटत नव्हती, हत्यार वाटत होतं. त्यांच्याच जिल्ह्यात आज निबंधाचं पान झेरॉक्सच्या दुकानात दोन रुपयांना मिळतं आणि घरी आई-वडील ते मुलाकडून पाठ करून घेतात. त्यांचा दोष नाही. गुण पाठांतराला मिळतात हे त्यांना दिसतं. पण याची किंमत मूल पुढे मोजतं. कॉलेजात गेल्यावर साधा अर्ज लिहायचा तरी नमुना शोधावा लागतो.

बोलीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. माणदेशातलं, वाळव्यातलं, पाटणच्या डोंगरातलं मूल घरी जी मराठी बोलतं, ती वहीत उतरली की लाल गोल पडतो. ‘कडुसं पडलं’ लिहिलं की गोल, ‘तालीवर बसलो’ लिहिलं की गोल, ‘बुचाडाआड लपलो’ लिहिलं की प्रश्नचिन्ह. मग मूल ‘संध्याकाळ झाली’ आणि ‘बांधावर बसलो’ असं लिहितं, ते चालतं. पण पुढच्या खेपेला ते तालीबद्दल लिहीतच नाही. त्याच्या ओळखीची गोष्ट शब्दासकट निबंधाबाहेर जाते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 मध्ये आली. धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला गेलेल्या तरुण मास्तराची ही कादंबरी. तिचं निवेदन स्वच्छ प्रमाण मराठीत आहे, माणसं मात्र माणदेशी बोलतात, आणि निवेदनातही गरज पडेल तिथे माणदेशी शब्द बिनधास्त येतो. हाच मार्ग मुलांसाठी मोकळा करावा. फलटणच्या मराठीत समाजागणिक काय फरक पडतात, यावर बर्नसन बाईंनी पीएच.डी. केली होती; बोली बोलणाऱ्या मुलाची भाषा अशुद्ध नसते, ती वेगळ्या नियमांनी चालते, हे भाषाशास्त्राला ठाऊक असलेलं आपल्या तपासणीत अजून उतरलेलं नाही. प्रमाण मराठी मुलाला आलीच पाहिजे. अर्ज, मुलाखत, स्पर्धा परीक्षा यांत तिच्यावाचून चालत नाही. म्हणून इथे प्रत्येक निबंध दोनदा लिहायचा आहे. पहिला खर्डा घरच्या बोलीत, न थांबता. दुसरा प्रमाण मराठीत, आणि त्यात ज्या बोलीतल्या शब्दाला पर्याय सापडत नाही तो तसाच ठेवायचा.

या दुसऱ्या खर्ड्याला वेळ कुठून आणायचा, असं शिक्षक विचारतात. प्रश्न खरा आहे. साठ मुलांचा वर्ग, शंभर ऑनलाइन माहित्या भरायच्या, त्यात दोनदा तपासणी कोण करणार? माझी सूचना अशी, की पहिला खर्डा शिक्षकाने तपासूच नये. शेजारच्या मुलाने तो वाचावा आणि समासात फक्त दोन ठिकाणी ‘कशावरून?’ लिहावं. ज्याचा निबंध आहे त्याने त्या दोन जागा भराव्यात. दुसऱ्या खर्ड्यात शिक्षकाने आधी तेवढंच पाहावं: त्या जागा भरल्या का, आणि भरल्या त्या पाहिलेल्या, ऐकलेल्या, वाचलेल्या गोष्टीने की आणखी एका सुविचाराने? ऱ्हस्व-दीर्घ त्यानंतर. उलट क्रम लावला तर मुलाचं सगळं लक्ष वेलांटीवर जातं आणि विचार अर्धवट राहतो.

वाचायला साहित्य नाही ही तक्रार मात्र या दोन जिल्ह्यांत टिकत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या मध्ये भिलार आहे. 4 मे 2017 पासून या स्ट्रॉबेरीच्या गावातल्या अनेक घरांत पुस्तकं ठेवलेली आहेत आणि कोणीही आत जाऊन वाचू शकतं. वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली 1976 पासून त्याचे खंड निघाले, आणि आता सगळ्या नोंदी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. विश्वकोशातली छोटी नोंद हा सारांशलेखनाचा उत्तम धडा आहे: किती सांगितलं आणि किती गाळलं, हे मोजत वाचावी. निबंध म्हटला की मोठाच विषय हवा, असं ज्या मुलांना वाटतं त्यांनी सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांचे लघुनिबंध चाळावेत.

या पुस्तकात नमुना निबंध एकही नाही आणि मागे उत्तरसूचीही नाही. प्रकाशकांनी दोन्ही मागितलं होतं. नमुना दिला की तो पाठ होतो, आणि सूची दिली की मुलं उताऱ्याआधी सूची उघडतात. तिच्याऐवजी उताऱ्यांच्या ओळींना क्रमांक दिले आहेत. मुलाने उत्तराशेजारी ओळीचा क्रमांक लिहायचा. वर्गात एका प्रश्नाची दोन उत्तरं निघाली आणि दोघांनीही आपापली ओळ दाखवली, तर त्या दोन्ही ओळी फळ्यावर लिहून वर्गाला निवाडा करू द्यावा. निवाडा झाला नाही तर दोघांनाही पूर्ण गुण द्यावेत.